मुंबई ते मुरुड, ५० फुटी शिडाची यॉट: तीन दिवस राहून, चालवून, झोपून बघितल्यावर माझं मत

दादा यंदा रिटायर झाला. आयुष्य मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये काढलं आणि आता त्याला शिडाची बोट हवीये, आणि ती पण लहान नाही, चांगली ५० फुटी, युरोपातल्या एका मोठ्या कारखान्यातून निघालेली २०१९ची सेकंडहँड क्रूझिंग यॉट. वहिनीने अट घातली की अहो, आधी वन्संना दाखवा, त्या हो म्हणाल्या तर बघू. कारण मी कॉलेजपासून हार्बरमध्ये डिंगी आणि छोट्या कीलबोटी चालवतेय. मालकाने तीन दिवस बोट दिली, सोबत त्याचा स्किपर. दादा, वहिनी, भाचा, मी, आमची आई, स्किपर आणि बोटीची देखभाल करणारे वरळी कोळीवाड्यातले काका असे आम्ही सात जण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेटवेसमोरच्या मुरिंगवरून, म्हणजे तळाशी बांधलेल्या बोयावरून, निघालो, मुरुडला जाऊन आलो. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण जे लिहितेय ते या आकाराच्या बहुतेक सगळ्या नव्या बोटींना थोड्याफार फरकाने लागू पडतं.

आधी आकडे देते म्हणजे अंदाज येईल. लांबी १५.२ मीटर, रुंदी ४.७, पाण्याखाली २.३ मीटर, वजन साधारण १४ टन, त्यातलं पावणेचार टनांच्या वर नुसती बिडाची कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली बसवलेला जड पंखा. शिडं दोन्ही मिळून १०५ चौरस मीटर. ८० हॉर्सपॉवरचं डिझेल, सेलड्राइव्ह (प्रोपेलरचा पाय तळातून सरळ खाली), मिटणारा प्रोपेलर. दोन चाकं, दोन सुकाणू. मुख्य शीड डोलकाठीच्या आत गुंडाळलं जातं, पुढचं शीड म्हणजे जिब, ती सेल्फ टॅकिंग. तीन केबिन, दोन टॉयलेट, पाण्याची टाकी ५०० लिटर. कागदावर कॅटेगरी ए, म्हणजे वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ८च्या वरचा वारा आणि ४ मीटरपेक्षा मोठ्या लाटा यासाठी डिझाइन केलेली.

पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा सगळेच हरखले, मी पण. मागची अख्खी भिंत बटण दाबलं की खाली येते आणि पाण्याच्या लेव्हलला मोठा ओटा तयार होतो. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, डिंगीतून, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या होडीतून, शिडी चढणं तिला जमलंच नसतं, पण ती भाच्याच्या खांद्याला धरून एक पाऊल टाकून आत आली आणि कॉकपिटमध्ये जाऊन बसली. आपल्याकडे बोट धक्क्याला लागत नाही, मुरिंगला असते आणि प्रत्येक वेळी डिंगीनेच ये-जा करायची असते, त्यामुळे हा ओटा म्हणजे चैन नाही, गरज आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर या एका गोष्टीसाठी मी नवीन डिझाइनला पूर्ण मार्क देते. कॉकपिटही प्रशस्त, मधे टेबल, दोन्ही बाजूंना लांब बाकं, वर बिमिनी म्हणजे कापडी छत. आत गेलं तर दोन पायऱ्यांत एकदम हॉलच. उजेड, मोठ्या काचा, फिकट लाकूड, सोफा. वहिनी म्हणाली, "आपल्या दादरच्या हॉलपेक्षा मोठा आहे." खरंच आहे तो.

आणि नेमकं इथेच बोट विकत घेणारा फसतो असं मला तीन दिवसांनंतर ठामपणे वाटतं. बोट सगळेजण उभी असताना बघतात, सपाट पाण्यात, चहा पीत. पण शिडाची बोट आडवी होऊन चालते, १५-२० अंश कललेली, आणि तेव्हा तो हॉल हॉल राहत नाही. ते पुढे सांगतेच.

मुरिंग सोडायला काही त्रास नाही, बो थ्रस्टर आहे, पुढचं टोक बाजूला ढकलणारा छोटा पंखा. पण दोन सुकाणू असण्याची एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. एक सुकाणू असलेल्या बोटीत प्रोपेलरने फेकलेलं पाणी थेट सुकाणूवर आदळतं, म्हणून बोट जवळपास उभी असली तरी इंजिनचा एक झटका दिला की वळते. इथे दोन्ही सुकाणू बाजूला आणि प्रोपेलर मधे, पाणी दोघांच्या मधून निघून जातं, त्यामुळे वेग आल्याशिवाय बोट चाकाचं ऐकतच नाही. परत आलो तेव्हा ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढत होतं आणि मुरिंगचा बोया पकडायला आम्हाला चार फेऱ्या लागल्या. त्यात नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून इतकी उंच की काका आडवे झोपून बोटहूक लांब करत होते तरी हात पुरेना. ज्याला मरिनात दोर फेकून बांधायचंय त्याला हे कळणारही नाही, पण गेटवेसमोर हे रोजचं आहे. माझा सल्ला, बोया मागच्या ओट्यावरून पकडायचा आणि मग दोर पुढे न्यायचा. चौथ्या फेरीला आम्ही तेच केलं.

पहिल्या सकाळी सातला निघालो. मतलई वारा होता, ईशान्येकडून जेमतेम ७ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). १४ टनांची बोट एवढ्या वाऱ्यात हलेल असं मला वाटलं नव्हतं, पण साडेतीन-चार नॉटने निघाली की ती, सनकरॉकचं दीपगृह मागे टाकलं, उजवीकडे प्रॉन्ग्सचं. खाली ओहोटीचं पाणी पण सोबत होतं. दहाच्या सुमारास वारा पडला तो पडलाच, मग इंजिन. २००० आरपीएमला साडेसहा-सात नॉट मिळतात आणि आत आवाज अगदी कमी, दादाने इंजिनचं झाकण उघडून चारही बाजूंनी हात घालून बघितलं आणि सांगितलं की इम्पेलर, फिल्टर, बेल्ट सगळं बाहेरूनच बदलता येतं, कुठे कंबर मोडून घ्यावी लागत नाही. इंजिनच्या बाबतीत त्याच्या शब्दापुढे मी काही बोलणार नाही.

खांदेरी जवळ आला तेव्हा आईने हात जोडले, वेताळासाठी. मी पाण्याच्या खोलीचा आकडा बघत होते. १६७९ साली महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला होता आणि तरी आपल्या लोकांच्या छोट्या उथळ होड्या रात्रीतून सामान पोचवत राहिल्या, मोठ्या जहाजांना किनाऱ्याजवळच्या पाण्यात त्यांचा पाठलागच जमेना. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत जे मराठा किल्ले आले त्यात खांदेरीही आहे, छानच झालं. पण मला सांगायचंय ते खोलीबद्दल. कोकणचा किनारा उथळ तळाच्या होड्यांचा आहे. खाडीच्या तोंडावर वाळूचे बांध, मधेच खडक, आणि मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत ४ मीटरच्या वर फरक. २.३ मीटरची कील घेऊन तुम्ही बऱ्याच खाड्यांत फक्त भरतीच्या दोन-तीन तासांत शिरू शकता आणि तेवढ्यातच बाहेर पडायला लागतं. या आकाराच्या बोटींना कारखाना १.८ मीटरच्या आसपासची उथळ कील पण देतो, वाऱ्यावर चढताना ती थोडी कमी पडते, पण इथे राहून कोकणात फिरायचं असेल तर मी तीच घेईन, डोळे झाकून.

खारा वारा साडेबाराला आला. ज्यांनी शाळेत भूगोलात खारे वारे मतलई वारे पाठ केलेत त्यांनी एकदा फेब्रुवारीत समुद्रावर येऊन बघावं, घड्याळ लावल्यासारखा येतो. वायव्येकडून १२, मग १४ नॉट. आम्ही दक्षिणेकडे चाललेलो म्हणजे वारा मागून-बाजूने. इथे सेल्फ टॅकिंग जिबची उणीव दिसली. ही जिब लहान असते आणि तिचा दोर डोलकाठीपुढच्या एका रुळावर आपोआप इकडून तिकडे जातो, वाऱ्यावर चढताना टॅक मारायचा, म्हणजे वारा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घ्यायचा, तर फक्त चाक फिरवायचं, कोणी दोर ओढायच्या विंचला हातही लावायचा नाही. पण वारा मागून असला की हीच जिब वरच्या बाजूला उघडी पडते, फडफडते, ताकदच देत नाही. ६.८ नॉटवर आम्ही अडकलो. मग स्किपरने कोड झिरो काढलं, ते हलकं मोठं शीड पुढे फर्लरवर गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि दोन मिनिटांत ८.१! चाक अगदी हलकं, दोन बोटांवर. भाच्याला चाकावर बसवला, त्याने आयुष्यात पहिल्यांदा बोट चालवली आणि तासभर रेषेत चालवली. रेवदंडा, कोर्लई, काशीद बाजूने सरकत गेले, आई झोपून गेली कॉकपिटमध्ये. त्या दोन तासांत मला ही बोट मनापासून आवडली.

आता त्या वेगाचा थोडा हिशोब सांगते, कारण दादाचा प्रश्न होता की रेसवाले लोक अशा बोटींना तरंगता फ्लॅट का म्हणतात. पाण्यावर टेकलेली लांबी साधारण ४६ फूट, तिचं वर्गमूळ काढून १.३४ने गुणलं की ९ नॉटच्या थोडं वर येतं, हा अशा बोटीचा नैसर्गिक वेग, याच्या वर जायला तिला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. शिडाचं क्षेत्रफळ आणि वजन यांचं ठरलेल्या सूत्राने गुणोत्तर काढलं तर १८च्या आसपास, म्हणजे ती अजिबात मठ्ठ नाही, क्रूझिंग बोटींमध्ये चांगल्या बाजूलाच आहे, २०च्या वर गेलं की रेसिंगकडे झुकते. म्हणून मी म्हणेन की तरंगता फ्लॅट हे अन्यायाचं आहे. फक्त डोलकाठीत गुंडाळणाऱ्या शिडाला आडव्या पट्ट्या नसतात, मागची कड आत वळलेली असते, तेवढं क्षेत्रफळ जातं आणि ते हलक्या वाऱ्यात जाणवतं. मुंबईत निम्मा सीझन हलक्या वाऱ्याचा, त्यामुळे कोड झिरोशिवाय ही बोट घेण्यात अर्थ नाही.

शीड गुंडाळण्याचा विषय निघालाच आहे तर. दुसऱ्या दिवशी मुरुडसमोर पद्मदुर्गाच्या बाहेर टॅक मारून बघत होतो, वारा १६ झाला, म्हटलं थोडं शीड कमी करू, आणि ते अर्ध्यावर अडकलं. ना आत ना बाहेर. जुनं झालेलं शीड पोट काढतं, त्याची घडी पडते आणि डोलकाठीच्या फटीत ती घडी अडकते. स्किपरने घाईत इलेक्ट्रिक विंचचं बटण दाबून ठेवलं, मी ओरडले, कारण विंचला कळत नाही की शीड अडकलंय, ते ओढत राहतं आणि काहीतरी फाटतं. शेवटी वाऱ्याकडे नाळ केली, बूमचा, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याचा, कोन थोडा वर घेतला, हाताने थोडं बाहेर थोडं आत असं करत वीस मिनिटांत सुटलं. १६ नॉटमध्ये ठीक आहे, ३० नॉटमध्ये रात्री हे झालं तर अर्ध शीड तसंच वर राहणार आणि ते उतरवताही येत नाही. या पद्धतीची सोय मला मान्य आहे, साठीतलं जोडपं दोघंच बोट चालवू शकतं ते यामुळेच. पण मग शीड नवं हवं, उभ्या पट्ट्यांचं, घट्ट कापडाचं, आणि गुंडाळायची शिस्त घरातल्या प्रत्येकाला यायला हवी.

रात्री राजपुरीच्या खाडीत नांगर टाकला होता, एका बाजूला जंजिरा, समोर दिघी. चिखलाचा तळ, नांगर पहिल्याच वेळी घट्ट बसला, नांगर ओढणारं विंडलास उत्तम. मी म्हटलं आज शांत झोप. मागच्या दोन केबिन मोठ्या, डबल बेड, एकीत दादा-वहिनी आणि दुसरीत आई आणि मी. साडेअकराला पाणी फिरलं, बोट प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली आणि मागून वाऱ्याच्या छोट्या लाटा. या नव्या बोटींची मागची बाजू रुंद आणि सपाट असते, पाण्याला टेकलेली, आणि तिच्याखाली लाट शिरली की थाड. परत थाड. बेड बरोबर त्याच्या वर. वीतभर लाटेचा एवढा आवाज येईल असं वाटत नाही, पण आई तीनदा उठून बसली आणि विचारलं की आपटतंय का काही. पहाटे पाणी परत फिरेपर्यंत कोणी धड झोपलं नाही, भाचा मात्र पुढच्या केबिनमध्ये गाढ. नांगरावर झोपायचं तर पुढची केबिन, चालत्या बोटीत झोपायचं तर मधला सोफा. मागच्या केबिन दिसायला सगळ्यात भारी आणि आपल्या पाण्यात झोपायला सगळ्यात वाईट. बोट घ्यायच्या आधी एक रात्र नांगरावर काढाच, आणि तीही मागच्या केबिनमध्ये.

उकाड्याचं सांगायलाच हवं. डेकवर उघडणाऱ्या खिडक्या भरपूर आहेत, वारा असला की आतून मस्त झुळूक जाते, फेब्रुवारीच्या रात्री तर पांघरूण लागलं. पण बाजूच्या त्या मोठ्या काचा उघडत नाहीत, दुपारी सूर्य खाली आला की त्यातून सरळ आत, आणि दोन वाजता वारा नसताना मधल्या हॉलमध्ये ३६ अंश झाले होते. डेकवर लाकडासारखं दिसणारं प्लॅस्टिक आहे, ते इतकं तापतं की अनवाणी चालता येत नाही, काका बादलीने पाणी मारत होते. एसी आहे, पण तो जनरेटर लावला तरच चालतो कारण मुरिंगला वीज कुठून येणार, आणि एसी समुद्राचं पाणी खेचून थंड होतो. मुंबई हार्बरमध्ये त्या पाण्याच्या गाळणीत पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे अडकून एसी बंद पडला. दादाने गाळणी उघडून साफ केली, अर्ध्या तासाने परत तेच. पाणी गोड करायच्या मशीनचंही असंच, गाळ आणि तेलकट पाणी तिच्या मेम्ब्रेनला मारक, हार्बरच्या आत ती लावायचीच नाही, स्वच्छ पाण्यात बाहेर गेल्यावर लावायची. ५०० लिटर ऐकायला खूप वाटतं, सात जणांनी आपल्या पद्धतीने तांब्या-बादली वापरली तर दोन दिवस. तेवढेच पुरले.

तिसरा दिवस हा खऱ्या परीक्षेचा होता, कारण आता त्याच वायव्येच्या वाऱ्यावर चढत यायचं. साडेनऊला नांगर उचलला, रेवदंड्यापर्यंत इंजिन, मग वारा भरला, १५, १७, मधूनमधून १९. मी चाक घेतलं. एक सांगते, सेलिंग म्हणून बोट फारच चांगली वागली. ७.२ नॉट वाऱ्यावर चढताना, बोटीची बाजू खालच्या अंगाला जिथे कोनात दुमडलेली आहे ती कड पाण्यात बसली की बोट तिथेच टेकून राहते, आणखी कलत नाही. एक सुकाणू वर येतं पण दुसरं खोल आणि सरळ उभं असतं, म्हणून झोत आला तरी चाक हातातून सुटत नाही. जुन्या बोटीत मी अशा वाऱ्यात घाम गाळलाय, इथे नाही. टॅकचं तर काय, आई चहा पीत होती आणि आम्ही दिशा बदलली. पण २० अंशांच्या पुढे तिला कलू द्यायचं नाही, मग ती जड होते आणि बाजूला सरकते, वेळेवर शीड कमी करायचं. रुंद नाळ आखूड लाटेवर आपटते, आपला समुद्र उथळ, लाटा आखूड आणि उभ्या, दर सातव्या-आठव्या लाटेला अख्खी बोट दणकते. टेड ब्रूअर या डिझायनरचं एक गुणोत्तर आहे, बोटीची हालचाल किती सुसह्य असेल ते सांगणारं, वजन जास्त तर आकडा चढतो आणि रुंदी जास्त तर उतरतो. या बोटीचा साधारण २६ निघतो, जुन्या जड लांब कीलच्या बोटींचा ३५-४०च्या पुढे. म्हणजे ही वेगवान, पण हिच्यात अंग जास्त हलतं.

आता त्या हॉलबद्दल. बोट २० अंश कललेली असताना वहिनी चहा करायला खाली गेली. हॉल जवळपास बोटीच्या रुंदीएवढा आणि मधे धरायला काही नाही. वर छताला एकही दांडा नाही, टेबलाच्या कडा गोल गुळगुळीत, किचनच्या ओट्यापासून सोफ्यापर्यंत सात-आठ फूट मोकळी जमीन. लाट आली आणि वहिनी त्या टोकापासून या टोकाला घसरत आली, कोपर टेबलावर आपटलं, चांगलंच निळं झालं होतं. तिने काही तक्रार केली नाही, पण मला फार वाईट वाटलं, कारण हे टाळता येण्यासारखं आहे, कारखान्याने चार दांडे लावले असते तर. ते लावत नाहीत कारण बोट शोमध्ये हॉल मोकळा दिसायला हवा. फ्रिजचं दार समोरून उघडणारं, कलल्यावर उघडलं की दही, भाजी, सगळं अंगावर, शिवाय थंडावा पण सांडतो, वरून उघडणारा असता तर दोन्ही टळलं असतं. शेगडी झोके घेणारी आहे, ते चांगलं, पण भांडी अडवायच्या दांड्या युरोपातल्या सॉसपॅनच्या मापाच्या, आपला पाच लिटरचा कुकर त्यात बसत नाही. वहिनी घरून कुकर घेऊनच आली होती मापाला, तिला हे आधीच सुचलं होतं आणि मला नाही. सिंक एका बाजूला असल्यामुळे त्या बाजूला बोट कलली की समुद्राचं पाणी नळीतून वर येतं, कॉक बंद करायची सवय लावावी लागते.

शेवटी काकांनी डोलकाठीखालच्या खांबापासून जिन्यापर्यंत छातीच्या उंचीवर एक दोर ताणून बांधला. त्यानंतर प्रत्येक जण तो दोर धरूनच फिरला.

आईने परतताना मला विचारलं, "त्या सहा मुली जगाला चक्कर मारून आल्या, त्यांची बोट अशीच होती का गं?" ती तारिणी नावाची बोट. २०१७-१८मध्ये तिच्यावरून नौदलाच्या सहा अधिकारी मुली गोव्याहून निघून गोव्याला परत आल्या. त्याआधी २००९-१०मध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि म्हादेई नावाच्या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईलाच परतले. दोन्ही बोटी गोव्यात बांधलेल्या, ५६ फुटी, व्हॅन डी श्टाट या डच डिझायनरचं डिझाइन. मी आईला म्हटलं, नाही गं, म्हादेई सहाच फुटांनी लांब पण २३ टनांची, तिचं काम दक्षिण महासागर, हिचं काम सुट्टी. कॅटेगरी एचा शिक्का हिच्यावर आहे, पण मोठ्या समुद्रात बोट टिकणं वेगळं आणि आतली माणसं न जायबंदी होता शिजवू, झोपू शकणं वेगळं. दादाच्या मनात लक्षद्वीप आहे. योग्य महिन्यात, हवामान बघून, या बोटीने ते जमेल असं मला वाटतं. पण दांडे, झोपताना पडू नये म्हणून बाकांना कापडी अडसर, आणि नवं शीड, हे झाल्याशिवाय मी आईला त्यावर पाठवणार नाही.

जाळ्यांचा मुद्दा राहिला. थळ ते मुंबई या पट्ट्यात डोल जाळी (खुंटांना बांधून प्रवाहात लावलेली मासेमारीची जाळी), खुंट, बोये ठिकठिकाणी. काका पुढे बसून हात करत होते, "ताई, बाहेरून घ्या, डोल आहे." दिवसा ठीक. पण दोन्ही सुकाणू कीलच्या आडोशाला नाहीत, बाजूला उघडे लटकतात, आणि सेलड्राइव्हचा पाय पण खाली उघडा, जाळं अडकलं तर दोन्हीत अडकणार. जाळं तोडलं तर कोणाची तरी रोजी जाते, ते वेगळंच. या बोटीने किनाऱ्याजवळून रात्री यायचं नाही, एकतर बाहेरून जा नाहीतर नांगर टाकून सकाळ होऊ द्या.

मग घ्यावी का? मी दादाला हो सांगितलंय, अटींवर. पहिली अट कील. कील बोल्टने जोडलेली असते आणि तिचा भार आतल्या फायबरच्या जाळीवर जातो. बोट खडकावर घासली तर बाहेरून ओरखडा दिसतो पण आत ती जाळी सुटू शकते आणि वरून कळत नाही. २०१४मध्ये चीकी राफिकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली, चारही जण गेले, आणि तपासात असंच निघालं की आधी तळ लागलेला आणि नंतरची दुरुस्ती यांनी सांधा कमजोर झाला असण्याची शक्यता. ही बोट सहा-सात वर्षं या किनाऱ्यावर आहे, २.३ मीटर कीलची. कधीच तळाला लागली नाही असं मालक म्हणतात, ते खरंही असेल, पण बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेयरने फळ्या उचलून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बाकी मोलभावात नवं शीड आणि दांडे यांचा खर्च किमतीतून कमी करून घ्यायचा. एसीपेक्षा चार पंखे आणि काचांना बाहेरून पडदे, ते मी स्वतः शिवून देईन.

पावसाळ्याआधी मे महिन्यात बोट वर काढतील तेव्हा सर्व्हे ठरलाय. दादाने काकांचा तो दोर सोडू दिला नाही. टेप घेऊन खांबापासून जिन्यापर्यंतचं माप घेतलं, ३ मीटर १० सेंटिमीटर, आणि माझगावच्या एका फॅब्रिकेटरला स्टीलच्या दांड्याचा भाव विचारलाय.